मदत हवी आहे: संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीऐवजी काय?

मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४. आम्ही दोघं साडेसातला घरी येतो. सात ते नऊ आजी-आजोबांच्या मालिका चालतात, मुलंही तिथेच. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या सूचनांनुसार दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन. धाकट्याचा दुप्पट होतो.

रिमोट लपवला तर नुसती रडारड. सापशिडीत धाकटा डाव उधळतो. आजीने सागरगोटे शिकवले तेव्हा मात्र दोघंही छान रमली होती! पण गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही.

घर वन बीएचके, टीव्ही हॉलमध्येच. मालिका बंद करायच्या नाहीत, तो त्यांचा हक्काचा विरंगुळा आहे. क्लासही नको.

आजीला खुर्चीत बसून खेळवता येतील आणि चार वर्षांच्या मुलालाही जमतील असे कोणते खेळ आहेत? आणि स्वयंपाक करताना तुम्ही मुलांना कोणती कामं देता?