मदत हवी आहे: चोर्ला घाटात सात बाईक एकत्र कशा ठेवायच्या?

मंडळी, पुढच्या रविवारी आम्ही म्हापशातून साखळी-केरी करत चोर्ला घाटाने बेळगावला जातोय, सात बाईक, त्यात दोघं घाटात पहिल्यांदाच. गेल्या पावसाळ्यात अनमोड घाटात चौघंच होतो तरी धुक्यात मागचा कधी गळला कळलंच नाही, फोनला रेंज नाही, खाली मोलेला उतरून अर्धा तास जीव टांगणीला आणि साहेब वर पंक्चर घेऊन बसलेले!

यावेळी मी पुढे, नवखे माझ्या लगेच मागे, सगळ्यात मुरलेला गडी शेवटी. आरशात मागचा दिसेना की हळू व्हायचं, फाट्यावर तो येईपर्यंत हलायचं नाही, एवढं ठरलंय. सरळ रस्त्याला डावा-उजवा असं चालवतात ते ठीक, पण वळणावर एकामागोमाग एकच ना? आणि धुक्यात अंतर किती ठेवता, जास्त ठेवलं तर पुढच्याचा लाल दिवा दिसत नाही, कमी ठेवलं तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायचा नाही. हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकते) लावून चालवलं तर इंडिकेटर कळणार कसा? हेल्मेटला लावून एकमेकांशी बोलायचे ब्लूटूथ इंटरकॉम दोनच आहेत, पहिल्या आणि शेवटच्याला दिले तर वळणावळणाच्या घाटात चालतात का, कोणी वापरलेत?