मध्य प्रदेशातून आणायच्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या नोंदणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी वरुड तालुक्यात राहतो. सीमेपलीकडे पांढुर्ण्यात एक जुनी व्हॅन विकाऊ असून, मालकाने तिच्यातली बाके काढून पलंग, लहानसे बेसिन आणि ओटा बसवून घेतला आहे. गाडी डिझेलची, 2017 सालची व खाजगी नोंदणीची आहे. तिच्यावर कर्ज नाही, विमा आणि पीयूसी चालू आहेत. सौदा तोंडी ठरला आहे, इसार मात्र अजून दिलेला नाही.

अडचण अशी, की आरसीवर आसनक्षमता 13 लिहिलेली आहे आणि आत चालकासह चारच आसने उरली आहेत. पलंगाची फळी उचलली की जुन्या बाकांच्या बोल्टची भोके तशीच दिसतात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार अशा बदलाला लागणारी मंजुरी मालकाने घेतलेली नाही. ना हरकत प्रमाणपत्राचा नमुना 28, हस्तांतरणाचे नमुने 29 व 30, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवायची तर कलम 47 नुसार नवा क्रमांक, एवढे मी वाचून समजून घेतले आहे. दोन एजंटांनाही विचारले. एक म्हणतो, "आधी गाडी आणा, मग पाहू". दुसरा तपासणीपुरती बाके पुन्हा बसवायला सांगतो, जे मला मुळीच मान्य नाही.

ज्यांनी अशी गाडी परराज्यातून आणली आहे, त्यांनी कृपया सांगावे: बदलाची मंजुरी ना हरकत प्रमाणपत्रापूर्वी मध्य प्रदेशातच घ्यावी लागते, की ती इथे नव्या क्रमांकाच्या अर्जासोबत मिळू शकते?