राष्ट्रगीताला गप्प उभी राहिलेली मुलं: कोर्टाने जास्तच मोकळीक दिली का?

फळा-खडू:
केरळमधला बिजो इमॅन्युएल खटला. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८५ मध्ये शाळेने काढलं, हायकोर्टाने हात झटकले आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. मी स्वतः शिक्षक आहे. एकाला सूट दिली की उद्या परिपाठाला दहा जण धर्म पुढे करतील. शिस्तीचं काय?

तालुकाकोर्ट:
गुरुजी, शिस्त कुठे मोडली ते दाखवा. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत अडवणाऱ्याला, गाणाऱ्यांत गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करतो. न गाणाऱ्याला नाही. शाळेच्या हातात होती शिक्षण खात्याची परिपत्रकं. राज्यघटनेच्या कलम १९(२) खाली अभिव्यक्तीवर बंधन घालायचं तर कायदा लागतो, साहेबांच्या सहीचा कागद पुरत नाही. (गप्प राहणं हाही त्याच हक्काचा भाग, असं कोर्टाने मानलं.) आणि मुलांनी अनादर केला नाही, हे चौकशी आयोगानेच सांगितलं होतं.

पावशेर:
कलमं राहू द्या. सगळ्यात धाकटी पाचवीत होती. ती श्रद्धा तिची की आईबापांची? हक्क मुलांचा म्हणायचा आणि वापरायचा पालकांनी!

तालुकाकोर्ट:
हा मुद्दा टाळता येत नाही, मान्य. कोर्टाने श्रद्धा प्रामाणिक आहे एवढंच पाहिलं, ती आपल्याला पटते का हे नाही. अमेरिकेत १९७२ च्या योडर खटल्यात आमिश (जुन्या चालीने राहणारा ख्रिस्ती पंथ) पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नव्हतं. कोर्ट पालकांच्या बाजूने गेलं. न्यायमूर्ती डग्लस तेवढे अडून बसले: साक्ष एकाच मुलीची झाली, बाकीच्यांना कुणी विचारलं? आपल्याकडेही हा प्रश्न विचारायला हवा. पण म्हणून पोराला शाळेबाहेर काढायचं? त्यात त्याचंच नुकसान.

फळा-खडू:
२०२२ च्या कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांतल्या हिजाबबंदी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या न्या. धुलियांनी बिजो खटल्याच्याच निकालाचा आधार घेतला, तर न्या. गुप्तांनी बंदी उचलून धरली. दोन न्यायमूर्तींचं जमेना, आणि मी परिपाठाच्या रांगेत कुणाची श्रद्धा खरी ते तपासत बसू?

तालुकाकोर्ट:
तपासू नका ना. पोर सरळ उभं आहे, शेजारच्याला गाऊ देतंय, तर हजेरी लावा आणि पहिला तास सुरू करा.

पावशेर:
आणि घरी न सांगता एखादं गायलं तर? त्याच्या बाजूने कोण उभं राहणार?