एनसीसीतल्या मुलाची इंजिनिअरिंगची फी थकली आहे, मदत कशी करावी?

सातारकर:
गावातला एक मुलगा खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅप (शासनाच्या केंद्रीय प्रवेश) फेरीतून, खुला प्रवर्ग. एनसीसी सीनियर डिव्हिजनला आहे, सैन्यात अधिकारी व्हायचंय. घरी दीड एकर कोरडवाहू. ४५,००० रुपये थकलेत, कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतंय. आता एनसीसी सोडून संध्याकाळचं काम धरतो म्हणतो. आम्ही चौघे मिळून ३०,००० काढू शकतो. पैसे त्याच्या हातात द्यावेत का?

कागदपत्री:
आधी त्याचं महाडीबीटी (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचं) खातं उघडून बघा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना निम्मी शिक्षण फी आणि निम्मी परीक्षा फी मिळते. विकास शुल्क त्यात येत नाही, ते घरूनच भरावं लागतं. थकबाकीतला कोणता आकडा कशाचा, हे कॉलेजकडून लेखी घ्या. बऱ्याचदा शासनाकडून यायची रक्कमही मुलाच्या नावावर बाकी दाखवलेली असते.

अर्ज अडकतो तो नेहमीच्या तीन जागी: उत्पन्नाचा दाखला जुना, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही (नुसती केवायसी म्हणजे जोडणी नव्हे, बँकेत वेगळा फॉर्म भरावा लागतो), किंवा कॉलेजच्या टेबलावरच पडून आहे. तिसऱ्यासाठी रोज विचारत राहणं हाच उपाय.

आणि अल्पभूधारकाचा दाखला काढा. मुलगा घराबाहेर राहत असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा वेगळा अर्ज करता येतो, तोही महाडीबीटीवरच.

परेड_सावधान:
एनसीसी सोडू देऊ नका, तोट्याचा सौदा आहे. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ ग्रेडने मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, की एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची (सैन्यातल्या अधिकारी भरतीची) लेखी परीक्षा न देता अर्ज करता येतो. त्यातून निवडलेल्यांना थेट एसएसबीचं, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचं बोलावणं. वय १९ ते २५. निवड झाली तर चेन्नईच्या ओटीएत (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) ४९ आठवडे, तिथे फी नाही, उलट महिना ५६,१०० स्टायपेंड. पहिल्यांदा एसएसबीला जाणाऱ्याला थर्ड एसीचं जाण्यायेण्याचं भाडंही मिळतं.

खासगी क्लासला एक रुपया घालू नका. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एसएसबीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत आहे. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात.

खरा धोका संध्याकाळच्या कामाचा. त्यात विषय राहिले की टक्केवारी घसरते, आणि परेडची ७५ टक्के हजेरी चुकली तर ‘सी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. कॅडेट वेल्फेअर सोसायटीच्या शिष्यवृत्तीबद्दल त्याने एएनओंना (कॉलेजातल्या एनसीसी अधिकाऱ्यांना) विचारावं, अर्ज युनिटमार्फतच जातो.

हिशेबी:
हातात नको. कॉलेजच्या नावाने डीडी काढा किंवा ऑनलाइन भरा, पावती मुलाच्या नावाची घ्या. नातेवाइकांखेरीज इतरांकडून एका आर्थिक वर्षात एकूण ५०,००० पेक्षा जास्त भेट आली तर सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते. तुमचे ३०,००० त्या मर्यादेच्या आत आहेत. मात्र दुसऱ्याच्या मुलाच्या फीवर तुम्हाला आयकरात वजावट नाही.

उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज दुसऱ्या वर्षातही निघतं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, वडील सहकर्जदार होतात.

सातारकर:
खातं बघितलं. अर्ज ‘सेंड बॅक’ झालाय (दुरुस्तीसाठी परत आलाय), कारण उत्पन्नाच्या दाखल्याचं साल. त्याला पत्ताच नव्हता.

कागदपत्री:
म्हणजे अर्ज जिवंत आहे. सेतू केंद्रातून चालू वर्षाचा दाखला काढा, जुना काढून नवा अपलोड करा, शेवटचं ‘सबमिट’ दाबलं का ते तपासा; बरेच जण नुसतं सेव्ह करून उठतात. मग त्याची पावती आणि तुमच्या ३०,००० चा डीडी एकत्र घेऊन प्राचार्यांना भेटा. उरलेल्या रकमेची हमी लेखी द्या आणि फॉर्म सोडवून आणा.