झिजलेले राणीछाप रुपये: गुंतवणूक म्हणून घ्यावेत का?

कलदार (धागाकर्ता)
चांदीची वीट घेण्याऐवजी मी सहा वर्षांपासून जुने, वापरून गुळगुळीत झालेले राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) आणि पंचम जॉर्जचे रुपये घेतोय. १८३५ नंतरचा ब्रिटिश रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. टंच (शुद्धता) ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला एक लाख धरली तर एका नाण्यात १,०६९ रुपयांची चांदी. घडणावळ नाही, आणि अडचणीला पाचच नाणी मोडता येतात, वीट अशी तोडून विकता येत नाही. माझं मत: ज्याला चांदीच हवी आहे त्याने झिजलेलंच नाणं घ्यावं. चकचकीत नाण्यात आपण रूपाचे पैसे मोजतो.

पेढीवरचा
घरात सराफी आहे म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा १०.६९ चा हिशेब नव्या नाण्याचा आहे. गुळगुळीत नाणं काट्यावर कमी भरतं, वर आम्ही घट (वितळवताना जाणारी चांदी) धरतो आणि मोडीचा भाव लावतो. घेताना नगावर, विकताना वजनावर, हा सौदा तोट्याचाच. माळेतली नाणी तर घेऊच नका. कडी डाग देऊन (झाळून) जोडलेली असते, त्या डागात चांदी कमी आणि संग्राहकही हात लावत नाही.

कलदार
वजनाचं मान्य, म्हणून मी खिशात छोटा काटा ठेवतो आणि नगावर कधीच घेत नाही. पण त्याहून मोठी फसवणूक सालाची आहे. १९४० पासून रुपयात चांदी निम्मी केली. वजन तेच, षष्ठम जॉर्जचा मुखवटाही तसाच, चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. १९४२ चा रुपया राणीछापच्या भावात घेऊन आलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. आधी साल वाचा, मग भाव विचारा.

ठिपका
मला या धाग्याचा त्रासच होतोय. नाणं म्हणजे वितळवायचा ऐवज नव्हे. १८६२ हे साल पुढे कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, खरं वर्ष ओळखायचं ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून. झिजलेल्या नाण्यावर नेमके तेच जातात. आणि १९११ चा रुपया? बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुढच्या वर्षी नक्षी बदलली. असं नाणं मोडीत गेलं की ते कायमचं गेलं. दहा गुळगुळीत नाण्यांच्या पैशात एक स्वच्छ नाणं घ्या. आणि कृपा करून चिंच-राख लावून घासू नका, काळपट थर हीच त्याची साक्ष आहे.

गोदाकाठ
आमच्या मराठवाड्यात घराघरात चारमिनारचे हाली रुपये, म्हणजे निजामाच्या हैदराबादचे, निघतात. सात हालीला सहा कलदार (ब्रिटिश रुपये) असा हिशेब आजोबा सांगायचे. टंच ८१.८, वजनही कमी. ते ब्रिटिश रुपयाच्या भावात कुणी देत असेल तर उठून या.

पेढीवरचा
मुद्दा सोडू नका. एप्रिल २०११ मध्ये चांदी औंसाला ४९ डॉलरजवळ गेली आणि २०१५ च्या शेवटी १४ च्या आसपास आली. ज्यांनी तेव्हा डबे भरून ठेवले, ते पुढे मुलीच्या लग्नाला माझ्याकडे मोडायला आले. त्यांचे चेहरे मी पाहिलेत. चांदीवरच डाव लावायचा तर ईटीएफ आहे, शेअर बाजारात घेता येणारा चांदीचा फंड. त्यात घट नाही, टंचाचं भांडण नाही.

कलदार
पडझडीचं खरं आहे, म्हणून एकूण बचतीच्या दहाव्या हिश्शापलीकडे मी जात नाही. पण ईटीएफ मुलाच्या तळहातावर ठेवता येत नाही. ठिपकासाहेब, १९११ चं सापडलं तर तुम्हालाच आधी कळवीन, मोडणार नाही.

न्यूजर्सीकर
आजीचे चाळीस राणीछाप भावाकडे आहेत. दिवाळीत आलो की माझी वाटणी घेऊन येऊ का?

ठिपका
नका आणू. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप सगळे त्यात येतात. भावाकडेच ठेवा, आणि येताना एक भिंग आणा. १८६२ चे किती आहेत ते बसून पाहू.