दाढ ठेवू की काढू? रूट कॅनालचा खर्च

डोंबिवलीकर: आईची (६८) खालची दाढ. रविवारी चकली खाताना कट्‌कन आवाज, तुकडा हातात. डॉक्टर म्हणाले रूट कॅनाल ६,५००, वर झिरकोनियाची (दाताच्या रंगाच्या कडक सिरॅमिकची) कॅप ९,००० वेगळे. आई म्हणते, "एवढ्यात दोन मिक्सर येतील, उपटून टाका."

खवचट_काका: उपटू नका हो! मी २०१९ला तेच केलं. शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलली. आता भाकरीचा कण अडकतो नि मी चारचौघांत काडी शोधतो.

लोकलप्रवासी: सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, नाहीतर मुंबई सेंट्रलला नायर. शिकणारी मुलं करतात, सर तपासून जातात. मला चार खेपा पडल्या, दर वेळी केसपेपरची रांग. पैसे मात्र किरकोळ. आईंचे गुडघे बघून ठरवा.

मीठ_लवंग: कॅप टाळू नका, रूट कॅनाल केलेली दाढ तडकते. झिरकोनियाच कशाला? आत धातू, वर सिरॅमिकवाली स्वस्त पडते. मागे कोण बघतंय?

डोंबिवलीकर: आईला वाचून दाखवलं. "शिकणारी मुलं" ऐकून उलट खूश! "ती घाई तरी करणार नाहीत." सोमवारी निघतोय. चकल्यांचा डबा लपवलाय.