फ्रीडेनराइखचे १३२९ गोल: हा आकडा आता सोडायचा का?

ब्राझीलचा फुटबॉलपटू आर्थर फ्रीडेनराइख (१८९२–१९६९) पेलेच्या कितीतरी आधी हजारी पार करून गेला, असं अजूनही बिनदिक्कत लिहिलं जातं. माझ्या मते १३२९ सरळ बाद करावा. सहकारी मारियो दे आंद्रादाने सांगितलेला आकडा मुळात १२३९. पत्रकार दे व्हानीकडून छापताना २ आणि ३ची अदलाबदल झाली. आंद्रादाच्या नोंदी कधी समोर आल्याच नाहीत. पुढे अलेशांद्रे दा कोस्ताने जुनी वर्तमानपत्रं चाळून एकेक सामना मोजला: ५६१ सामने, ५५४ गोल.

याच सरासरीने १३२९ गोलांना साधारण १३४५ सामने लागतात. कारकीर्द १९०९ ते १९३५. म्हणजे २६ वर्षं दर आठवड्याला एक सामना, खाडा न करता. हौशी फुटबॉलच्या जमान्यात? छे.

डावा पाय: असहमत. वर्तमानपत्रात न आलेला सामना झालाच नाही, असं धरणार का? ५५४ म्हणजे सापडलेले गोल, केलेले नव्हेत. पेलेच्या १२८३ मध्ये मैत्रीपूर्ण सामने आणि लष्करी संघाकडून केलेले गोलही धरतात, तिथे कुणी नाक मुरडत नाही.

धागाकर्ता: पेलेच्या त्या गोलांना तारीख आहे, प्रतिस्पर्धी आहे. इथे फक्त बेरीज आहे. ५५४ च्या वर काही असतील, मान्य. पण दुपटीहून जास्त?

मधली फळी: आकड्यांत कशाला अडकताय? २९ मे १९१९, रिओचं लारांजेरास मैदान, दक्षिण अमेरिका स्पर्धेचा निर्णायक सामना, समोर उरुग्वे. ९० मिनिटं ०-०. मग अर्ध्या तासाचा जादा वेळ, तरीही ०-०. पुन्हा अर्धा तास. त्याच्या सुरुवातीलाच नेकोने उजवीकडून चेंडू आत टाकला, एइतोरचा फटका गोलरक्षक सापोरितीने परतवला आणि उडालेला चेंडू फ्रीडेनराइखने हवेतच जाळ्यात मारला. १-०. ब्राझीलचं हे पहिलं मोठं विजेतेपद. ‘एल तिग्रे’ म्हणजे वाघ हे नाव दिलं ते हरलेल्या उरुग्वेवाल्यांनीच!

डावा पाय: +१. शिवाय तो फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय सुपरस्टार, हा खरा वारसा.

राखीव खेळाडू: इथे थांबा. वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. हिरव्या डोळ्यांचा हा माणूस सामन्याआधी तेल आणि गरम टॉवेल लावून कुरळे केस चापून बसवायचा, त्यामुळे सगळ्यात शेवटी मैदानात यायचा. गोऱ्यांच्या क्लबांत खपून जाण्याची ती किंमत होती. त्याने दार उघडलं म्हणण्यापेक्षा तो फटीतून आत शिरला म्हणा.

मधली फळी: आणि ती फटही १९२१ मध्ये बंद झाली. अर्जेंटिनातल्या स्पर्धेला गोरा संघच पाठवा, असा राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआंचा आग्रह होता असं सांगतात. त्या संघात फ्रीडेनराइख नव्हता. त्याच वर्षी साओ पाउलोच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल कुणाचे? त्याचेच.

डावा पाय: १९३० च्या विश्वचषकातूनही असाच वगळला.

राखीव खेळाडू: नाही हो, ते प्रकरण वेगळं. तेव्हा रिओ आणि साओ पाउलोच्या संघटनांचं भांडण जुंपलं होतं. साओ पाउलोने आपले खेळाडूच दिले नाहीत. तिथला एकटा आराकेन गेला. शिवाय स्पर्धा चालू असताना फ्रीडेनराइख ३८ वर्षांचा झाला. त्याचा बहर बघायचा तर १९२५ चा पाउलिस्तानोचा, म्हणजे त्याच्या साओ पाउलोतल्या क्लबचा, युरोप दौरा बघा: १० सामने, ९ विजय, पॅरिसमध्ये फ्रान्सवर ७-२.

धागाकर्ता: हेच म्हणतोय. त्या ७-२ ला तारीख आहे, मैदान आहे. १३२९ ला काय आहे?